बुऱ्हाणपूर येथून चंद्रग्रहण : दर्शन, वेळा व नियम



ग्रहण जवळ आले की आपल्या कार्यालयातील दूरध्वनी दिवसभर वाजत असतो. मंदिर कधी बंद होणार, वेध कधी लागणार, आजीने औषध घ्यावे की नाही, मुलांना ग्रहण पाहू द्यावे का, आणि सर्वांत अधिक वेळा विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "आपल्या बुऱ्हाणपूरला ते दिसणार आहे का?" या प्रश्नांची उत्तरे दर वेळी तोंडी देण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवावीत, असे विश्वस्त मंडळाच्या बैठकीत ठरले. त्यानुसार हा लेख सादर करीत आहोत. यात आकाशातील घटनेची माहिती आहे, धर्मशास्त्रातील नियम आहेत, आणि आमच्या हातून झालेल्या एका चुकीची कबुलीही आहे.

आमची चूक

दि. ८ नोव्हेंबर २०२२ रोजी कार्तिकी पौर्णिमेस खग्रास चंद्रग्रहण होते. त्रिपुरी पौर्णिमेचा उत्सव व ग्रहण एकाच दिवशी आल्याने गडबड मोठी होती. आम्ही एका छापील पत्रकावरून वेळा उतरवून घेतल्या आणि फलकावर लिहिले : "स्पर्श दुपारी २.३९, मोक्ष सायंकाळी ६.१९. सूर्योदयापासून वेध. भोजन वर्ज्य." एवढेच.

वेळांमध्ये चूक नव्हती. तरीही फलक अपुरा होता. दुपारी अडीचच्या सुमारास शाळेतील काही मुले प्रांगणात येऊन आकाशात चंद्र शोधू लागली. त्या वेळी चंद्र क्षितिजाच्या खाली होता आणि त्याचा उदय व्हावयास तीन तास अवकाश होता, हे फलकावर कोठेच लिहिलेले नव्हते. त्याहून गंभीर गोष्ट पुढेच घडली. आपल्या नित्य दर्शनास येणाऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या व मधुमेह असलेल्या एक आजी पहाटेपासून निराहार होत्या. दुपारी चारच्या सुमारास सभामंडपात त्यांना भोवळ आली. वेळीच साखरपाणी दिल्याने त्या सावरल्या. शुद्धीवर आल्यावर त्या म्हणाल्या, "फळ्यावर तसं लिहिलं होतं ना, म्हणून काही घेतलं नाही."

वृद्ध, बालक व आजारी यांच्यासाठी शास्त्रानेच सवलत दिलेली आहे. ती ओळ आम्ही लिहिली नव्हती. आजींच्या श्रद्धेत काही उणे नव्हते, उणे आमच्या फलकात होते. त्या दिवसापासून आम्ही ग्रहणाचा विषय स्वतः समजून घेण्यास प्रारंभ केला.

चंद्रग्रहण म्हणजे काय ?

सूर्याच्या प्रकाशामुळे पृथ्वीची सावली अवकाशात तिच्या मागे, सूर्याच्या विरुद्ध दिशेस पडलेली असते. ही दाट छाया सुमारे १४ लक्ष किलोमीटर लांब व टोकाकडे निमुळती होत जाणारी आहे. चंद्र पृथ्वीपासून सरासरी ३ लक्ष ८४ हजार किलोमीटर अंतरावर आहे. तेथे या छायेची रुंदी चंद्राच्या व्यासाच्या अडीच पटींहून अधिक असते. पौर्णिमेस चंद्र या छायेत शिरला म्हणजे चंद्रग्रहण होते. संपूर्ण बिंब छायेत बुडाले तर खग्रास, काही भागच बुडाला तर खंडग्रास.

मग प्रत्येक पौर्णिमेस ग्रहण का होत नाही ? याचे कारण असे की चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे. बहुतेक पौर्णिमांना चंद्र छायेच्या वरून किंवा खालून निघून जातो. या दोन कक्षा ज्या दोन बिंदूंत छेदतात, त्यांनाच आपल्या ज्योतिषग्रंथांत राहू व केतू अशी नावे आहेत. पौर्णिमेचा चंद्र या बिंदूंच्या जवळ असेल तरच ग्रहण संभवते. राहू चंद्रास ग्रासतो, ही पुराणातील कथा आणि ज्योतिर्गणितातील पातबिंदू, यांचा असा मेळ आहे.

हे ज्ञान बाहेरून आलेले आहे, असे कोणी समजू नये. आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास आपल्या ग्रंथात चंद्रास पृथ्वीची छाया झाकते असे स्पष्ट सांगितले आहे. उज्जयिनीच्या वराहमिहिरानेही हेच प्रतिपादन केले. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० मध्ये 'ग्रहलाघव' रचला. त्यातील सुटसुटीत गणितावर महाराष्ट्रातील पंचांगकर्त्यांच्या कित्येक पिढ्यांनी ग्रहणे वर्तविली. म्हणजे ज्या पंचांगावर विश्वास ठेवून आपण वेध पाळतो, ते पंचांगच छायेच्या गणितावर उभे आहे.

चंद्र तांबडा का दिसतो ?

खग्रास स्थितीत चंद्र पूर्ण काळा न होता तांब्याच्या भांड्यासारखा लालसर दिसतो. पृथ्वीभोवतीच्या वातावरणातून सूर्यकिरण किंचित वाकून छायेत शिरतात. वाटेत त्यांतील निळा अंश विखुरला जातो व तांबडा अंश पुढे जातो. आपल्याकडे सूर्यास्ताच्या वेळी पश्चिम ज्या कारणाने लाल होते, त्याच कारणाने चंद्र लाल होतो. त्या क्षणी पृथ्वीच्या कडेवर जेथे जेथे सूर्योदय व सूर्यास्त होत आहेत, त्या सर्वांची लाली एकत्र चंद्रावर पडलेली असते. वातावरणात धूळ वा ज्वालामुखीची राख अधिक असली की हा रंग काळपट होतो. फिलिपाईन्समधील पिनाटुबो ज्वालामुखीच्या १९९१ मधील उद्रेकानंतर, डिसेंबर १९९२ च्या ग्रहणात चंद्र फारच अंधुक दिसला होता. रंगावरून शुभाशुभ ठरविण्याचे कारण नाही. तो रंग आपल्याच पृथ्वीच्या हवेचा असतो.

गाव बदलले की काय बदलते ?

हा या लेखाचा मुख्य भाग आहे. भाविकांनी तो लक्षपूर्वक वाचावा ही विनंती.

सूर्यग्रहणाची वेळ गावागणिक बदलते. चंद्रग्रहणाचे तसे नाही. चंद्र छायेत शिरतो ती घटना प्रत्यक्ष चंद्रावर घडते, म्हणून स्पर्श, मध्य व मोक्ष हे क्षण मुंबई, उज्जैन, काशी व बुऱ्हाणपूर येथे घड्याळात एकच असतात. फरक पडतो तो चंद्रोदय व चंद्रास्त यांत. चंद्र उगवलेला असेल तरच ग्रहण दिसणार, आणि चंद्रोदय प्रत्येक गावी वेगळ्या वेळी होतो.

आपले बुऱ्हाणपूर २१ अंश १८ कला उत्तर अक्षांशावर व ७६ अंश १४ कला पूर्व रेखांशावर आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२ अंश ३० कला या रेखांशावरून धरली जाते. प्रत्येक अंशास ४ मिनिटे याप्रमाणे आपली स्थानिक वेळ घड्याळापेक्षा सुमारे २५ मिनिटे मागे असते. म्हणूनच पूर्वेकडील गावांत चंद्र आपल्याआधी उगवतो व पश्चिमेकडील गावांत आपल्यानंतर.

प्राचीन भारतीय ज्योतिषात मध्यरेषा उज्जयिनीवरून जाते असे मानले आहे. उज्जैनचा रेखांश ७५ अंश ४६ कला आहे. आपण त्या रेषेच्या अवघे अर्धा अंश पूर्वेस आहोत, म्हणजे रेखांशामुळे पडणारा फरक सुमारे दोन मिनिटांचा. प्राचीन गणकांनी ज्या रेषेवरून साऱ्या देशाचा काळ मोजला, तिच्या अगदी शेजारी आपले गाव वसलेले आहे, ही आपणा सर्वांस अभिमानाची गोष्ट आहे.

वर उल्लेखिलेल्या ८ नोव्हेंबर २०२२ च्या ग्रहणाचे उदाहरण पाहू. खग्रास अवस्था सायंकाळी ५.१२ च्या सुमारास संपली व मोक्ष ६.१९ ला झाला. या दोन वेळा सर्वत्र सारख्या होत्या. चंद्रोदयाच्या वेळा मात्र अशा होत्या :

• कोलकाता : पाच वाजण्यापूर्वी. तेथील लोकांना खग्रास स्थितीचा शेवटचा भाग पाहावयास मिळाला.
• नागपूर : सुमारे ५.३२. खंडग्रास चंद्र, पाऊण तासाहून अधिक काळ.
• बुऱ्हाणपूर : सुमारे ५.४५. निम्म्याच्या आसपास ग्रासलेला चंद्र, सुमारे ३४ मिनिटे.
• मुंबई : सहाच्या सुमारास. ग्रासलेला भाग थोडासाच, तोही वीसेक मिनिटेच.

ग्रासलेल्या स्थितीतच चंद्र उगवतो तेव्हा त्यास 'ग्रस्तोदित' म्हणतात. अशा ग्रहणात आपल्या गावचा पुण्यकाळ चंद्रोदयापासून मोक्षापर्यंतच असतो. आपल्या फलकावर लिहावयाची खरी वेळ "५.४५ ते ६.१९" ही होती.

दि. ३ मार्च २०२६ चे फाल्गुन पौर्णिमेचे ग्रहणही याच प्रकारातील. स्पर्श दुपारी ३.२०, खग्रास ४.३४ ते ५.३३, मोक्ष सायंकाळी ६.४७. बुऱ्हाणपूरचा चंद्रोदय साडेसहाच्या सुमारास, म्हणजे आपल्या वाट्यास शेवटची १५-१७ मिनिटे व तीही अगदी क्षितिजालगत. मुंबईस जेमतेम तीन-चार मिनिटे. द्वारकेस तर चंद्रोदयच मोक्षानंतर. एकाच देशात, एकाच ग्रहणात, एका क्षेत्री पर्वकाळ आहे व दुसऱ्या क्षेत्री नाही. दुसऱ्या गावचे पत्रक जसेच्या तसे उतरवून घेणे किती चुकीचे आहे, हे यावरून ध्यानात यावे.

याउलट, ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्रीचे भाद्रपद पौर्णिमेचे ग्रहण संपूर्ण भारतात आरंभापासून अखेरपर्यंत चंद्र आकाशात असताना झाले. स्पर्श रात्री ९.५७, खग्रास ११.०१ ते १२.२२, मोक्ष उत्तररात्री १.२६. खग्रास अवस्था ८२ मिनिटे. अशा ग्रहणात मात्र सर्व गावांच्या वेळा एकच असतात.

शास्त्र काय सांगते ?

ग्रहणाविषयीचे नियम आपल्याकडे मुख्यत्वे 'निर्णयसिंधु' व 'धर्मसिंधु' या ग्रंथांवरून सांगितले जातात. 'निर्णयसिंधु' काशीच्या कमलाकर भट्टांनी १६१२ मध्ये पूर्ण केला. त्यांचे घराणे मूळचे पैठणचे. 'धर्मसिंधु' हा पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्याय तथा बाबा पाध्ये यांचा, इसवी सन १७९० च्या सुमाराचा. या परंपरेतील मुख्य नियम सोप्या भाषेत पुढीलप्रमाणे :

१) जे ग्रहण आपल्या स्थानी डोळ्यांनी दिसण्याजोगे आहे, त्याचेच स्नान, दान, जप आदी विधी आहेत. जे आपल्याकडे दिसत नाही, त्याचे पालन नाही.

२) ढगांमुळे चंद्र झाकला गेला तर गणिताने आलेल्या वेळा धरून विधी करावेत. ढग आले म्हणजे ग्रहण नाही, असे नव्हे.

३) चंद्रग्रहणाचा वेध सामान्यतः तीन प्रहर आधी लागतो. प्रहर तीन तासांचा धरल्यास नऊ तास. ७ सप्टेंबर २०२५ रोजी दुपारी १२.५७ पासून वेध धरले गेले ते याच हिशेबाने.

४) ग्रस्तोदित ग्रहणात वेध दिवसभराचा मानला आहे. मोक्ष झाल्यावर शुद्ध बिंब पाहून स्नान व भोजन करावे.

५) बालक, वृद्ध व आतुर म्हणजे आजारी यांना वेधाची मुदत बरीच कमी केलेली आहे.

६) सोमवारी चंद्रग्रहण आल्यास तो चूडामणी योग होय. त्यात केलेल्या दानाचे फल विशेष सांगितले आहे.

पहिला नियम आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शास्त्रकारांनी डोळ्यांस प्रमाण मानले. ग्रहण पाहू नये अशी जी समजूत अनेक घरांत आहे, तिचा आणि या नियमाचा मेळ बसत नाही. मोक्ष पाहून स्नान करावयाचे तर चंद्राकडे पाहावेच लागणार.

पाचवा नियम यापुढे आपल्या फलकावर सर्वांत वर, मोठ्या अक्षरांत लिहिला जाईल. आम्ही त्यात आपल्या वतीने एवढीच भर घालतो की, वैद्याने सांगितलेले औषध, व औषधाबरोबर लागणारे अन्न-पाणी कोणत्याही ग्रहणात चुकवू नये. गर्भवती भगिनींनाही हेच लागू आहे. ग्रहणातील चंद्रप्रकाश हा नेहमीच्या चांदण्याहून क्षीण असतो, एवढाच काय तो फरक. त्यापासून माता वा गर्भ यांस अपाय होत नाही, मात्र उपाशी व तहानलेले राहिल्याने निश्चित होऊ शकतो. ज्यांना परंपरेप्रमाणे घरात बसून जप करावयाचा असेल त्यांनी तो अवश्य करावा, पण भीतीपोटी नव्हे.

आपल्या परिसरातील दोन शिलालेख

ग्रहण व कालगणना यांचा आपल्या भागाशी जुना संबंध आहे. चाळीसगावजवळील पाटण येथे, म्हणजे आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यात, भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांचा शिलालेख आहे. चांगदेव हे यादवराजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होते. आजोबांच्या 'सिद्धांतशिरोमणि' व अन्य ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्यांनी तेथे मठ स्थापन केला. त्या मठास निकुंभ वंशातील सोइदेवाने दान दिले. लेखात शके ११२८, श्रावण पौर्णिमा व चंद्रग्रहणाचा समय असा उल्लेख आहे. ते वर्ष इसवी सन १२०७. या लेखातील काही भाग जुन्या मराठीत आहे. चंद्रग्रहणाच्या पर्वकाळी गणित शिकविणाऱ्या मठास दान दिले गेले, ही घटना आम्हांस फार बोलकी वाटते. ज्यांनी ग्रहणाचे पुण्य जाणले, त्यांनीच ग्रहणाच्या गणिताचाही सांभाळ केला.

दुसरा लेख आपल्या गावातच आहे. फारुकी सुलतान आदिलशाह याने बांधलेल्या जामा मशिदीत अरबी लेखाबरोबर एक संस्कृत लेख कोरलेला आहे. त्यात विक्रम संवत १६४६ व शके १५११ असे वर्ष देऊन तिथी, वार, नक्षत्र आदी पंचांगाचा तपशील घटिकांसह दिला आहे. मशिदीच्या भिंतीवर पंचांग कोरले जावे, असे हे आपले गाव. चंद्रग्रहणाच्या वेळी आपले मुस्लीम बांधवही विशेष नमाज अदा करतात. ज्या रात्री आपल्या मंदिरात जप चालू असतो, त्याच रात्री गावाच्या दुसऱ्या भागातही माणसे त्याच चंद्राखाली प्रार्थनेस उभी असतात.

बुऱ्हाणपुरातून ग्रहण कसे पाहावे ?

सूर्यग्रहणास लागतो तसा विशेष चष्मा चंद्रग्रहणास लागत नाही. साध्या डोळ्यांनी ते निर्धास्तपणे पाहता येते. साधी दुर्बीण असल्यास छायेची कड अधिक स्पष्ट दिसते.

ग्रस्तोदित ग्रहण पाहावयाचे असल्यास पूर्व क्षितिज मोकळे असले पाहिजे. गल्लीतील घराच्या अंगणातून पहिली दहा-पंधरा मिनिटे वाया जातात. तापीचा काठ त्यासाठी उत्तम. राजघाटाच्या बाजूने पाहिले असता समोर नदीचे पात्र व पलीकडे जैनाबादचा परिसर येतो व दृष्टीस फारसा अडथळा राहत नाही. मध्यरात्रीचे ग्रहण असेल तर चंद्र बराच वर आलेला असतो. त्या वेळी घराची गच्ची पुरेशी आहे.

छाया प्रथम चंद्राच्या पूर्वेकडील कडेवर चढते, कारण चंद्र आपल्या कक्षेत पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत असतो. सुमारे एका तासात तो स्वतःच्या व्यासाएवढा सरकतो. छायेची कड नेहमी गोलाकार दिसते. ती आपल्या पृथ्वीची गोलाई होय. आपण ज्या भूमीवर उभे आहोत तिचाच आकार चंद्रावर उमटलेला पाहणे, हा अनुभव मुलांना अवश्य द्यावा. पूर्ण ग्रास झाल्यावर, एरवी चांदण्यात लोपलेल्या तारका हळूहळू प्रकट होतात, त्याही पाहाव्यात.

स्पर्शापूर्वी सुमारे एक तास चंद्र पृथ्वीच्या विरळ छायेत शिरलेला असतो. त्याने तेज किंचित मंदावते, परंतु डोळ्यास ते सहसा कळत नाही. केवळ विरळ छायेतून जाणाऱ्या ग्रहणास 'छायाकल्प' म्हणतात. त्याचे वेध पाळले जात नाहीत.

घाटावरील स्नानाविषयी कळकळीची सूचना

तापी ही सूर्यकन्या. ग्रहणमोक्षानंतर तिच्यात स्नान करण्याची इच्छा आपणा सर्वांस असते. परंतु पावसाळ्यातील ग्रहणे बहुधा पात्र भरलेले असताना येतात. रात्रीच्या अंधारात पायऱ्यांवर शेवाळ व गाळ असतो. अशा वेळी पाण्यात उतरू नये. काठावर बादलीने पाणी घेऊन स्नान करावे, किंवा घरी स्नान करून नदीस नमस्कार करावा. लहान मुलांचा हात सोडू नये.

पुढील ग्रहणे : बुऱ्हाणपूरकरांसाठी

• २८ ऑगस्ट २०२६, श्रावण पौर्णिमा : खंडग्रास. भारतीय वेळेनुसार सकाळी ८.०३ ते ११.२२. त्या वेळी आपल्याकडे चंद्र मावळलेला असल्याने ग्रहण दृश्य नाही. वेध नाहीत. रक्षाबंधन व नारळी पौर्णिमेस या ग्रहणाची काहीही बाधा नाही.

• सन २०२७ : केवळ छायाकल्प ग्रहणे. पालन नाही.

• १२ जानेवारी २०२८ : अल्प खंडग्रास, सकाळी नऊनंतर. आपल्याकडे दृश्य नाही.

• ६ जुलै २०२८ : खंडग्रास. रात्री साडेदहानंतर स्पर्श, मध्य ११.४९ च्या सुमारास, मोक्ष उत्तररात्री १ च्या सुमारास. बुऱ्हाणपुरातून संपूर्ण दृश्य, मात्र आषाढातील ढगांचा अडथळा संभवतो. ढग आल्यास दुसऱ्या नियमाप्रमाणे गणिताच्या वेळा धराव्यात.

• ३१ डिसेंबर २०२८ : खग्रास. स्पर्श रात्री ८.३७, खग्रास ९.४६ ते १०.५७, मध्य १०.२२, मोक्ष १२.०६ च्या सुमारास. आरंभापासून अखेरपर्यंत बुऱ्हाणपुरातून दृश्य.

हे शेवटचे ग्रहण आपल्यासाठी विशेष योगाचे आहे. पौर्णिमेचा चंद्र हिवाळ्यात आकाशात फार उंच चढतो. आपल्या अक्षांशावर त्या रात्री मोक्षाच्या सुमारास तो जवळजवळ डोक्यावर असेल. निमाडातील डिसेंबरचे आकाश बहुधा निरभ्र असते. वर्षाचा शेवटचा दिवस संपून नवे इंग्रजी वर्ष लागल्यावर सहा मिनिटांनी चंद्र पूर्ण मुक्त होईल. त्या रात्री मंदिराच्या प्रांगणातील दिवे मालवून सर्वांना एकत्र ग्रहणदर्शन घडवावे, एका बाजूस नामजप व दुसऱ्या बाजूस मुलांसाठी दुर्बीण ठेवावी, असा प्रस्ताव आम्ही मंडळापुढे ठेवला आहे. सभासदांनी आपले मत कार्यालयात लेखी कळवावे.

यापुढील पद्धत

मंडळाने पुढील गोष्टी निश्चित केल्या आहेत.

१) ग्रहणाचा फलक किमान सात दिवस आधी लावला जाईल.
२) त्यावर स्पर्श व मोक्ष यांबरोबर बुऱ्हाणपूरचा चंद्रोदय वा चंद्रास्त स्वतंत्रपणे लिहिला जाईल.
३) ग्रहण येथे दिसणार नसेल तर "दृश्य नाही, पालन नाही" असे स्पष्ट लिहिले जाईल.
४) बालक, वृद्ध, आजारी व गर्भवती यांच्यासाठीची सूचना प्रथम असेल.
५) ग्रहणाच्या दिवशी कार्यालयात पिण्याचे पाणी, साखर व प्रथमोपचाराची पेटी ठेवली जाईल. वेधकालातही ती सर्वांसाठी खुली राहील.

पंचांगांत मतभेद आढळल्यास आपल्या गुरुजींशी विचारविनिमय करून मंदिराचा निर्णय जाहीर केला जाईल. आपल्या घरची किंवा कुलाची परंपरा निराळी असल्यास भाविकांनी ती पाळावी, त्याविषयी आमचा कोणताही आग्रह नाही.

वर उल्लेखिलेल्या आजी आजही सकाळच्या आरतीस येतात. त्यानंतरच्या प्रत्येक ग्रहणाच्या फलकाचा मजकूर लावण्यापूर्वी आम्ही त्यांना वाचून दाखवितो. त्यांना तो नीट समजला, की मगच फलक बाहेर लागतो. यापेक्षा चांगली तपासणी आम्हांस अद्याप सापडलेली नाही.

या लेखात काही उणीव राहिली असल्यास जाणकारांनी अवश्य निदर्शनास आणावी. सुधारणा करण्यात येईल.



आपला नम्र,
सचिव
विश्वस्त मंडळाकरिता, बुऱ्हाणपूर